आत्याने लिहून दिलेलं नाव

गोदाआत्या कोणाच्याही घरी गेली तरी साखरेचा डबा मागून घ्यायची आणि चहात आपल्या हाताने साखर घालायची. वर म्हणायची, "माझ्या तोंडाचं मला ठाव." साखरा गावात तिच्या शेळ्या होत्या, पोटचं लेकरू नव्हतं. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. त्यामुळे आत्या माझीच, हे मी धरून चाललो होतो.

तिच्या थोरल्या बहिणीला म्हातारपणी काही आठवेनासं झालं. लेक तिला कधी या घरी, कधी त्या घरी नेत. ते पाहून आल्यावर आत्याने मला हिंगोलीहून बोलावलं. "डोकं ठिकाणावर हाय तवरच लिवून ठेवते. मला कळंनासं झालं तर माझ्या वतीनं कोण बोलंल ते." मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. अंगणात चार जाणती माणसं बसली होती. आत्या म्हणाली, "रुखमीचं नाव लिवा."

रुखमी म्हणजे शेजारची सून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी असताना ती काहून?"

"मी दवाखान्यात व्हते तवा माझ्या शेळ्या कोणं इकल्या?"

"तुझ्या भल्यासाठीच ना, आत्या!"

"व्हय, भलंच केलंस. पर इचारलं न्हाईस. रुखमी इचारते," असं म्हणून तिने अंगठा उठवला. दवाखान्यातून घरी आल्याबरोबर तिने पुन्हा शेळ्या घेतल्या होत्या, हे मी विसरलो होतो.

असा कागद कोर्टात फारसा टिकत नाही, असं वकिलाने सांगितलं तेव्हा मला आनंद झाला, हे कबूल करतो. पुढे आत्याला खरंच काही आठवेना. मी गाडी घेऊन गेलो. घरी तिच्यासाठी खोली तयार होती. रुखमी दारात उभी राहिली. "दादा, शेळ्यांपासून हलवू नका म्हणून सांगून ठेवलंय त्यांनी." तोंडाला येईल ते मी तिला बोललो. आत्याने मला ओळखलं नाही. ओळखलं तर तिने रुखमीलाही नव्हतं, आणि त्याचं मला बरं वाटलं, इतका मी जळत होतो. शेवटी आत्या तिथेच, शेळ्यांच्या कोंडाळ्यात वारली.

यंदा मी साठीला आलो. मुलगा पुण्यात माझ्यासाठी खोली बांधतोय, मला न विचारता. मी साखऱ्याला गेलो आणि रुखमीला म्हणालो, "माझ्या कागदावर तुझं नाव घालू का?"

मागचं काहीच न काढता ती म्हणाली, "घाला की. पर दादा, तुमाला काय काय पायजे ते सांगा आधी."

मला एकही गोष्ट सांगता येईना. त्या घटकेला मला आत्याचा हेवा वाटला.