साक्षीदाराची सही

वडिलांचं दंडूत, म्हणजे बंगळुरच्या कॅन्टोन्मेंटमध्ये, शिंप्याचं दुकान होतं. गोऱ्या साहेबांचे सूट शिवायचे. साहेब गेले, गिऱ्हाईक गेलं. चिकपेठेतल्या कापडवाल्याची उधारी तेवढी राहिली. वडील वारले तेव्हा मी एकोणीस वर्षांची. अण्णा, माझा थोरला भाऊ, कुठल्याच नोकरीत टिकत नव्हता. मला कन्नड, तमिळ, इंग्रजी येत होतं, म्हणून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले.

सहा वर्षं अख्खा पगार आईच्या हातात दिला. सुती साड्या दोनच, एक अंगावर, एक दोरीवर. उधारी फिटली त्या दिवशी कापडवाला म्हणाला, "मुलगा असतीस तर दुकानात भागीदार केलं असतं तुला." राग आला. तरी घरी चालत येताना पाय हलके वाटले.

मग ठरवलं, आता हाच पैसा साठवायचा. जयनगरच्या पुढे साइट, म्हणजे घर बांधायला जागा, हप्त्यानं मिळत होत्या. अण्णा म्हणाला, "बाईमाणसानं कशाला खेटे घालायचे? मी भरतो." चार वर्षं दर महिन्याला पैसे त्याच्याकडे दिले. रविवारी कधी बसनं जाऊन जागा बघून यायचे. नाचणीच्या शेतातला तुकडा, चार कोपऱ्यांना चार दगड. स्वयंपाकघर पूर्वेला करायचं, इथवर माझं ठरलं होतं.

शेवटचा हप्ता भरून झाला. अण्णा तापानं पडला होता, म्हणून कर भरायला मी गेले. कारकुनानं वही पाहिली.

"अम्मा, ही जागा तुमची नाही. तुमच्या अण्णांची आहे."

खरेदीखत काढायला लावलं. खरेदीदार अण्णा. खाली साक्षीदार म्हणून आईची सही, वाकडीतिकडी. ती सही मीच तिला पाटीवर गिरवून शिकवली होती.

घरी आले, विचारलं. अण्णा उठून बसला. "तू लग्न करून जाणार. जागा परक्या घरात गेली असती."

"आणि कर्ज फेडत होते तेव्हा मी कुणाच्या घरची होते?"

तो भिंतीकडे वळला. आई पेज ढवळत राहिली. म्हणाली, "सरी, असू दे, झालं ते झालं."

कोर्टात गेले नाही; आईला पिंजऱ्यात उभं करावं लागलं असतं. बायकांच्या हॉस्टेलात खोली घेतली. पोस्टात माझ्या एकटीच्या नावानं खातं उघडलं. आठ वर्षांनी मल्लेश्वरमच्या एका बोळात दोन खोल्या घेतल्या. साक्षीला एक्स्चेंजमधल्या दोघी आल्या.

तोवर अण्णानं जागा विकून पैसे उडवले होते. आई ट्रंक घेऊन माझ्या दारात आली. मी तिला आत घेतलं, शेवटपर्यंत सांभाळलं. एकदाच विचारलं, "सही का केलीस?"

"काहीही झालं तरी तुझं निभावलं असतं गं. त्याचं नसतं निभावलं."

ती अगदी सहज बोलली, कौतुकच केल्यासारखं. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले.