दिवा हिरवाच होता

माझ्या मामाने उभ्या आयुष्यात कुणाला रस्ता विचारला नाही. सरकारी बस चालवून निवृत्त झालेला माणूस. एकदा लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघाला आणि फाटा चुकला. नवरदेवाचा बाप मागून ओरडतोय, "अहो ड्रायव्हर, त्या माणसाला विचारा की!" तर हा म्हणाला, "गाडी कोण चालवतंय, मी की तो?" वऱ्हाड पोचलं तेव्हा तिकडच्या मंडळींची जेवणं उरकली होती. ही गोष्ट मामा स्वतःच सांगतो, तीही कौतुकाने.

मामी सूतगिरणीत होती. तिथला कापूस अजून तिच्या छातीत बसलाय. कंपनीच्या डॉक्टरने त्याला घराण्यातला दमा ठरवलं आणि मालक हात झटकून मोकळा झाला. ते भांडण मी कामगार युनियनतर्फे अजून लढतेय, पण त्यावर लिहायला बसले तर मामाच्या बोटीची गोष्ट राहूनच जाईल.

तर मामीला आता दिवसभर नाकात नळी लागते. नळीच्या त्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, मशीनची वायर भिंतीत. नळी जाईल तिथवर मामी जाणार. एकदा ती सहज म्हणाली, "या भिंतीचे पोपडेसुद्धा मला पाठ झालेत." थोड्याच दिवसांत मामाने गावाजवळच्या तलावात फिरायला एक जुनी हौसेची बोट विकत घेतली. छोटी केबिन, दोन बाकं, मागे इंजिन.

बोटीवर मामीला न्यायचं तर मशीनला घरच्यासारखी वीज हवी. बोटीत असते बॅटरीची वीज, ती मशीनला चालत नाही. तिची घरगुती वीज करून देतो तो इन्व्हर्टर. उलट काम करतो कन्व्हर्टर: धक्क्याला बोट बांधली की तिथल्या खांबावरची घरगुती वीज घेतो आणि बॅटरी भरतो. एक बॅटरी रिकामी करणारा, एक भरणारा. मामाने दोन्ही स्वतः बसवले. धक्क्यावरचा वायरमन म्हणाला होता, "काका, एकदा नजर टाकू का?" मामा म्हणाला, "तू तुझे खांब बघ."

पहिल्या फेरीला मी बरोबर होते. मामीने ठेवणीतली साडी नेसली होती. धक्क्यापर्यंत ती छोट्या सिलिंडरवर आली. बोटीत चढताना मी म्हटलं, "मामा, हा सिलिंडर घेऊ या बरोबर, असू दे."

"बोटीवर वीज आहे. पिकनिकला निघालोय की दवाखान्यात?"

मी सिलिंडर धक्क्यावर वायरमनकडे ठेवला. मी सहसा माघार घेत नाही.

तलावाच्या पार पलीकडे, टेकड्यांच्या कुशीत मामाने नांगर टाकला आणि इंजिन बंद केलं. मामीलाच शांतता हवी होती. मशीन घरघरत होतं, तेवढाच आवाज. मामी पाण्याकडे बघत होती आणि उकडलेलं अंडं सोलत होती. सोललं, पण खायचंच विसरली. मामा तिच्याकडे चोरून बघत होता, जणू स्वतःच्या हाताने तलाव खणलाय.

मग माझं लक्ष बॅटरीच्या मीटरकडे गेलं. निघताना काटा हिरव्या पट्ट्यात होता. आता पिवळ्यात.

"मामा, काटा उतरतोय."

"उतरू दे. तो दिवा बघ." कन्व्हर्टरवरचा दिवा हिरवागार. "इंजिन बंद आहे, तरी चार्जिंग चालू. याला म्हणतात माल!"

मला बरं वाटलं. पाच मिनिटंही टिकलं नाही. काटा पिवळ्याच्या खालच्या कडेला आला. मी फोन काढला, टेकड्यांमुळे रेंजचा पत्ता नाही. आजूबाजूला चिटपाखरू नाही, लांबवर एक सहलीची बोट तेवढी ठिपक्यासारखी. आणि मी नळीकडे बघायला लागले. एकदा बघायला लागलं की नजर हटत नाही. मामीचा प्रत्येक श्वास मीच मोजत होते.

तेवढ्यात इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला.

"हे काय आता?" मामी.

"काही नाही गं. इंजिन चालू करतो, सगळं ठीक." मामाने चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

"दुसरी बॅटरी आहे ना इंजिनची?" मी विचारलं.

मामाचा चेहरा उतरला. "दोन्ही जोडून ठेवल्यात. म्हटलं, जास्त पुरेल."

म्हणजे इंजिनची बॅटरीही याच्याबरोबर रिकामी होत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा खेकसला, "ए पुढारी, इथे मोर्चा काढू नकोस! चार्जिंग चालू आहे, दिसतंय ना?"

मामीने अंडं बाजूला ठेवलं. हळू आवाजात, श्वासाच्या मापाने एकेक शब्द टाकत ती म्हणाली, "अहो... त्या भरणाऱ्याला... वीज कुठून येतेय? खांब तर... धक्क्यावर राहिला."

मामा उत्तर द्यायला वळला, पण मध्येच वाकला आणि बाकाखाली हात घालून कन्व्हर्टरची वायर चाचपत गेला. वायर एका सॉकेटमध्ये होती. सॉकेट इन्व्हर्टरवर होतं. इन्व्हर्टर बॅटरीवर.

तो बाकाखालून बाहेरच येईना.

बॅटरी इन्व्हर्टरला देतेय, इन्व्हर्टर कन्व्हर्टरला, कन्व्हर्टर पुन्हा त्याच बॅटरीला. एका हंड्यातलं पाणी तांब्याने उपसायचं आणि त्याच हंड्यात ओतायचं, दर खेपेला थोडं सांडायचं. सांडलेलं सगळं त्या दोन डब्यांच्या पत्र्यावर तापून बसलं होतं. मी हात लावला आणि चटकन काढून घेतला. दिवा हिरवाच होता.

मामाने प्लग उपटला. पीं पीं थांबलं. आम्ही तिघं मीटरकडे बघत बसलो. काटा लालच्या कडेवर थरथरत होता.

"एकदा मारून बघतो," मामाचा हात चावीकडे गेला. "लागेल."

"नाही लागलं तर? आहे तेवढीही जाईल, मशीन आत्ता बंद पडेल!"

"लागेल म्हणतोय ना!"

मामी बाकाची कड धरून, पुढे झुकून नुसती बसली होती. मामाने तिच्याकडे पाहिलं. चावीवरचा हात काढला आणि डोक्यावर नेऊन हलवायला लागला, त्या लांबच्या बोटीकडे बघत.

त्यांनीही हात हलवले. दोघं तर नाचले. बोट तशीच पुढे.

पुन्हा पीं पीं, मग खट्. इन्व्हर्टर बसला. त्याच्यामागे ऑक्सिजनचं मशीन एक लांब किंकाळी मारून गप्प झालं. नळी नाकात होती, नळीत काही नव्हतं. मामीचे ओठ शिट्टी घातल्यासारखे झाले, तिला दवाखान्यात शिकवलं होतं तसे. खांदे वर, खाली, वर. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी ताठ. "बोलू नकोस," मी म्हटलं. बोलत तर मीच होते.

मामाने हॉर्नवर तळवा दाबला. मेलेल्या बॅटरीचा हॉर्न, म्हाताऱ्या बोकडासारखा बें बें करायला लागला. त्याने सोडला नाही. आणि वरून स्वतः ओरडायला लागला. बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज, पण शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. "या हो! कुणीतरी या! माझ्या बायकोला श्वास घेता येत नाहीये!"

बोट वळली. वळताना मला वाटलं, किती सावकाश वळतेय. जवळ आल्यावर गॉगलवाला एक जण हसत ओरडला, "काय काका, पेट्रोल खल्लास?"

एरवी मामाने त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. "नाही," तो म्हणाला. "माझी चूक झाली. तुमच्या बॅटरीवरून जोड द्या. मला नीट जमत नाही, तुम्हीच लावा."

गॉगलवाल्याने मामीकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. त्यांनी गाणी बंद केली. जोडवायर काढली, चिमटे लावले. मामाने चावी फिरवली. खर्र खर्र... नाही. मामीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. दुसऱ्या खेपेला इंजिन खोकलं, धुराचा भपका आला आणि ते धरलं. काटा उठला. मी इन्व्हर्टरचं बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं. मामीच्या ओठांचा रंग परत येईपर्यंत परक्या बोटीवाल्यांनी चिमटे काढले नाहीत.

"आम्ही मागे मागे येतो," गॉगलवाला म्हणाला. मामाने नको म्हटलं नाही.

परत येताना मामा चाकाशी बसला होता, पण मान सारखी मागे. मीटर, मामी, मीटर, मामी. धक्क्याचे खांब दिसायला लागले, तरी तो मागेच बघतोय.

मामीला आता बोलण्याएवढा श्वास आला होता. "अहो ड्रायव्हर," ती म्हणाली, "मी कुठे जात नाही. पुढे बघा."

त्याने पुढे पाहिलं. धक्का अजून बराच लांब होता. मशीनचा आवाज जरा कमी झाल्यासारखा वाटला की आम्ही दोघंही दचकत होतो.