बुधवार-शुक्रवारची मंडळी

शुक्रवार, फेब्रुवारी १९८६, दुपारी एक. साकीनाक्यावरचं सहा टेबलांचं एक कबाबचं हॉटेल. हजर: मी, जाहिरात विभागातले दळवी, प्रूफं वाचणारे रेगे. मागवलं: सीख कबाब एक प्लेट, तंदुरी चिकन अर्धं, कांदा, हिरवी चटणी.

मी तेव्हा उपनगरांच्या एका साप्ताहिकात पुरवण्या बघत होते. त्या वेळची पुरवणी निखाऱ्यावर भाजलेल्या खाण्याची होती. घाटकोपर-मुलुंडचे पंजाबी तंदूर, साकीनाक्याचे कबाब, वेसाव्याच्या कोळ्यांचे भाजलेले मासे. वीस ठिकाणी जायचं, गुण द्यायचे आणि पहिल्या दहांची यादी छापायची. यादीखाली माझी सही जाणार होती. साकीनाका विसावं ठिकाण. सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी अंक छापायला जायचा होता.

पद्धत मी ठरवली होती. आपण कोण ते सांगायचं नाही. तिघांनी खायचं, तिघांनी वेगवेगळे गुण द्यायचे. रकाने पाच: विस्तव, मांस, मसाला, चटणी, स्वच्छता. विस्तवाला वेगळे गुण का, असं दळवींनी विचारलं होतं. ज्वाळेवर मांस बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. कोळशावर राखेचा पांढरा थर आला की मग सीख, म्हणजे खिमा थापलेली लोखंडी सळई, वर ठेवायची. ज्याला एवढा धीर नाही त्याचे दोन गुण गेले.

मी कबाब मधोमध तोडून बघत होते. ताज्या खिम्याला तोडल्यावर रस सुटतो. शिळा खिमा घट्ट होतो आणि त्यात गरम मसाला जास्त घालावा लागतो. हा ताजा होता. तेवढ्यात मालक खुर्ची ओढून आमच्याच टेबलाशी बसला.

"मॅडम, बुधवार-शुक्रवारवाले ना आप लोग?"

रेग्यांनी चटणी खाली ठेवली.

"कोण बुधवार-शुक्रवारवाले?" मी विचारलं.

"दो साहब, एक मॅडम. मॅडम कबाब तोडून बघते. कुठेतरी छापणार आहे. सब को मालूम है, घाटकोपरपासून."

"कोणी सांगितलं?"

"खाटकाने. मटण सगळ्यांना तोच देतो. एक महिना झाला, बुधवार-शुक्रवारी सगळे ताजा माल मागतात. बाकी दिवस कोणी विचारत नाही. मी म्हटलं, क्या बात है भाई?"

"आणि तुम्ही काय मागवता?"

"रोज ताजा. मेरा फ्रिज बंद पडा है."

मी ते गुणांच्या वहीत शेऱ्याखाली लिहून घेतलं.

चूक कुठे झाली ते शोधायला वेळ लागला नाही. सोमवार दळवींचा शंकराचा. गुरुवार रेग्यांचा दत्ताचा. मंगळवार आणि शनिवार माझे, गणपती आणि मारुती. त्या दिवशी आम्ही मांसमच्छी खात नाही. रविवारी ऑफिस बंद. तिघांनी एकत्र खायचे वार उरले दोन. मी वेळापत्रक फार काळजीपूर्वक आखलं होतं. स्टेशन, अंतर, गर्दीची वेळ, सगळं बघितलं होतं. दहा आठवडे आम्ही वेश बदलल्यासारखे गुपचूप जात होतो आणि वार मात्र शाळेच्या घंटेसारखे पाळत होतो.

संपादकांना सांगितलं.

"म्हणजे यादी खोटी आहे?" ते म्हणाले.

"बुधवारची आणि शुक्रवारची खरी आहे."

"प्रधानबाई, वाचक काय वार बघून जेवायला जाणार?"

"म्हणूनच सही करता येत नाही."

"पहिल्या नंबरवाल्याची जाहिरात घेतलीय दळवींनी. शेवटचं पान."

दळवी खिडकीबाहेर बघत होते.

मी नियम बदलला. पहिल्या दहांना दुसरी भेट, सोमवार, मंगळवार, गुरुवार नाहीतर शनिवारी. रविवार धरायचा नाही, कारण रविवारी कुठल्याही हॉटेलात माल ताजाच असतो. तिघांऐवजी दोघांनी खायचं, ज्याचा वार असेल त्यानं ऑफिसात बसायचं. दुसरी भेट झाली नाही तर यादीत नाव नाही.

सोमवारी मी आणि रेगे घाटकोपरला गेलो. पहिल्या नंबरचं हॉटेल, पन्नासपैकी सेहेचाळीस. वेटरनं आम्हाला ओळखलं.

"आज? मॅडम, आज तर सोमवार."

"माहीत आहे."

तो आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. आतून कुजबुज ऐकू येत होती. कबाब आले. मी तोडायला घेतला तर तो तुटेना. रेग्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "बाई, नुसती लवंग." सत्तावीस.

आठवडाभरात नऊ ठिकाणं झाली. आठांचे गुण उतरले. साकीनाक्याचे तेवढेच राहिले. राहिलं वेसावं.

वेसाव्याला हिराबाई नावाच्या कोळीणबाईंची पडवी होती. चार बाकं, बाहेर निखारे, त्यावर बांगडा नाहीतर पापलेट. गुण चव्वेचाळीस. घाटकोपर गेल्यावर त्यांचा नंबर पहिला होता. शनिवार माझा, म्हणून दळवी आणि रेगे जाणार होते. शनिवारी उघडं असतं का ते विचारायला मी आदल्या दिवशी स्वतः गेले.

"उद्या कशाला?" हिराबाई म्हणाल्या. "उद्या शनवार. कोन खातंय?"

"आमचे दोघं खातील."

"दोघांसाठी कोळसा पेटवू? बाय, माझी सगली गिऱ्हाइकं अंधेरीच्या ऑफिसातली, तुज्यासारकी. मी पेटवते बुधवार, शुक्रवार, आयतवार. बाकी दिस घरात वरन-भात."

"मग मला तुमचं नाव छापता येणार नाही."

"का? मासा वाईट हाय?"

"नाही. मासा चांगला आहे."

हिराबाई निखाऱ्यावरचा बांगडा उलटून म्हणाल्या, "आज शुक्रवार हाय. जेवून जा."

जेवले. गुण लिहिले नाहीत.

संपादक म्हणाले, "अहो, पहिला नंबर द्या त्यांना. त्यांच्याकडे शिळा मासा असायला दिवस तरी कुठे आहे?"

"दुसरी भेट झालेली नाही."

"त्या दिवशी बंद असतं ना?"

"म्हणूनच झालेली नाही."

यादी नऊ नावांची छापली. साकीनाका पहिला. घाटकोपरच्या जाहिरातीच्या जागी एका मिक्सरची जाहिरात आली. दळवी माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. साकीनाक्याच्या मालकानं यादी भिंतीवर चिकटवली आणि फ्रिज दुरुस्त करून घेतला. तेही आम्हाला खाटकाकडूनच कळलं.

गुपचूप तपासणीला जायचं तर तपासणाऱ्यानं आधी स्वतःचं कॅलेंडर दुसऱ्याला दाखवून घ्यावं. मी आता तसं करते.

ती वही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दुसऱ्या भेटींच्या पानावर नऊ ओळींपुढे बरोबरची खूण आहे. दहाव्या ओळीत लिहिलंय: वेसावे, दुसरी भेट, बाकी.