रिकाम्या चिलरचा सूर

आमचा बँड तिघांचा. मी सिंथसायझरवर, म्हणजे आमच्या भाषेत सिंथवर, गिटारवाला गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी आणि ड्रमवाला गुरं राखणाऱ्या घरातला. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की लिंबागणेशच्या बाजारात लोक आम्हाला वेड्यातच काढायचे. एवढं लांबलचक गाणं आणि त्यात शब्द चार! पण सोसायटीत जनरेटर होता, म्हणून आमचा सराव तिथंच, दुधाच्या कॅनांच्या मध्ये बसून चालायचा.

मग पावसानं लागोपाठ दोन वर्षं दडी मारली. गोठे ओस पडले, सोसायटीनं दूध घेणं बंद केलं. ड्रमवाला ऊसतोडीला निघाला. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती. जायच्या आधी जुनी गाणी पुन्हा बसवू, निदान एक तरी नीट रेकॉर्ड करू, असा हट्टच मी धरला. तो गेला की बँड संपला, हे मला कळत होतं आणि सहन होत नव्हतं.

बंद सोसायटीत जमलो, डिझेल वाचवायला सिंथ बॅटरीवर लावला, पण गाणं काही केल्या जमेना. सुरुवातीचा तो खालचा, घुमणारा सूर सिंथवर सापडेचना. सगळी बटणं पिळून झाली. शेवटी मी चिडून सिंथवर हात आपटला.

ड्रमवाला म्हणाला, "आरं, त्यो सूर तुझा न्हाईच बे. चिलरचा हाय."

खरंच की! दूध गार करणारं ते मशीन कायम घरघरत असायचं आणि त्याच्याच सुरावर आम्ही सगळी गाणी बांधली होती. इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

सेक्रेटरीनं कुरकुरत जनरेटर लावला, रिकामं चिलर सुरू केलं. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. गाणं असं जमून आलं की माझ्या अंगावर काटा आला. ड्रमवाला डोळे मिटून वाजवत होता.

अर्ध्यात आलो, तर दारात गर्दी. वेळ संध्याकाळच्या धारांची. चिलरचा आवाज ऐकून बाया किटल्या घेऊन धावत आल्या होत्या. कुणाच्या किटलीत लिटरभर, कुणाच्या नुसता तळ झाकेल एवढं. सगळ्यांच्या पुढं ड्रमवाल्याची आई होती, उरलेल्या एकुलत्या एका गाईचं दूध घेऊन. तिला दम लागला होता.

"लई बरं झालं बाबा, डेअरी सुरू झाली," ती लेकाला म्हणाली. "आता नगं जाऊ तोडीला."

त्यानं काठ्या खाली ठेवल्या. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सेक्रेटरी उठला आणि त्यानं मशीन बंद केलं.

"कावून बंद केलं? दूध आणलंय की."

"आये, डेअरी न्हाई सुरू झाली," ड्रमवाला म्हणाला. "आमी गाणं वाजवत हुतो."