मेडार्ड बेलवाल्ड यांचा पाय

माझे सासरे मेडार्ड बेलवाल्ड यांनी एकतीस वर्षं बर्फ तपासला. रोज सकाळी सहाला चर्चच्या वरच्या उतारावर जायचं, तीन जागी पाय रोवून बघायचं आणि हिमस्खलनाचा इशारा देणाऱ्या कचेरीला फोन करायचा. वसंतात आमच्या खोऱ्यात सगळं यावरच असतं. रात्री आकाश निरभ्र असलं की दिवसा वितळलेला बर्फ गोठून धरतो, माणसाला पेलतो. अकराच्या आत खाली उतरलं की झालं. ढग असले तर तो ओलाच राहतो आणि ऊन लागताच अख्खा उतार सुटून खाली येतो. म्हणून वर जाणारे आमच्या दाराशी थांबून विचारत, "काका, धरलं का?"

त्यांनी कधी "बहुतेक" म्हटलं नाही. "नाही धरलं. घरी जा, बायकोबरोबर भांडी घास," असं मात्र सुनावायचे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात ते तापाने पडले. "लुडविना, आज तू जा. तीन जागी, विसरू नकोस."

मी बाहेर आले आणि मला आळस आला. खोटं कशाला बोलू, आळसच. गोठ्यामागच्या वाटेवर टाच आपटली, ती टणक लागली. ती वाट आम्हीच हिवाळाभर तुडवून घट्ट केलेली. हे मला तेव्हा सुचलं नाही, की सुचू द्यायचंच नव्हतं, देव जाणे. आत येऊन मी म्हणाले, "धरलंय." त्यांनी तसा फोन केला, आणि वर जाताना दाराशी थांबलेल्या किलियान बेकरीवाल्यालाही तेच सांगितलं.

दहा वाजता उतार सुटला. त्याच्याबरोबर गेलेल्या सोबत्याने किलियानला बर्फातून उकरून काढलं. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

संध्याकाळी त्याची बायको फिलोमेना आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "काका, तुम्ही स्वतः बघून आला होतात ना?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आलो होतो. म्हातारा झालो, पोरी. पायाला कळेनासं झालंय."

मी तोंड उघडायला हवं होतं. मी सूपच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

ती गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, मी सांगते त्यांना."

"सांग की. मी अडवलंय का?"

मी सांगितलं नाही. त्यांचं काम गेलं. गावाने माझं नाव सुचवलं, तेव्हाही मी नको म्हणाले नाही. आता रोज सहा जागी पाय रोवते. त्याने काय होतंय?

परवा किलियान कुबड्या घेऊन भावाला सोडायला आला. भाऊ वर निघाला होता. सासरे दाराशी बाकावर बसलेले. भावाने सवयीने त्यांनाच विचारलं, "काका, धरलं का?"

"त्यांना काय विचारतोस?" किलियान म्हणाला. "लुडविनाला विचार. तिच्यावर भरवसा ठेवता येतो."

"हो, तिलाच विचारा," म्हणत सासरे उठून आत गेले.

"धरलंय," मी म्हणाले. पुढचं बोलायला शब्द जुळवत होते, तोवर किलियान माझे आभार मानू लागला.