धुरपतानं दाबलेलं ‘नाही’

धुरपता उईके शाळेत गेली ती वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. नवेगाव बांधच्या पलीकडे, जंगलाला खेटून तिचा टोला. चाळीसेक घरं, दोन हापशा आणि एक समाजमंदिर, बस्स. पावसाळ्यात नाला भरला की एसटी तीन किलोमीटर अलीकडूनच परत फिरायची. डॉक्टर कधी टोल्यात फिरकला नव्हता, नर्सबाई आली तर आली. पण २००५ साली तिथे कॉम्प्युटर आला. शिकल्यासवरल्या माणसांना कोणती गोष्ट आधी सुचेल याचा काही नेम नसतो.

तो आणला जिल्ह्यातल्याच गोरेगावकडच्या शालीकराम बिसेननं. नागपूरच्या एका संस्थेत तो कामाला होता, तिशीतला, बोलायला गोड, अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत. कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून त्यानं जीपमधून आणला आणि समाजमंदिरात मांडला. “चाळीस दिन में पेपर वाचायला लागाल बाई तुम्ही,” असं त्यानं जाहीर केलं, तेव्हा सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

तरी वीसजणी बसल्या. पडद्यावर चित्र यायचं, खाली शब्द यायचा, मशीन तो शब्द मोठ्यानं बोलायचं आणि मग विचारायचं, हा कोणता शब्द? एकटीनं उत्तर द्यायला कोणीच तयार नव्हती. चुकलं तर फजिती. मग बायकांनी आपली रीत पाडली. गोल करून बसायचं आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं. बरोबर आलं की मशीन छानसं वाजायचं, चुकलं तर सगळ्यांचंच चुकायचं. शालीकरामनं पहिले दोन दिवस एकेकीला उठवून पाहिलं आणि मग नाद सोडला.

चाळीस दिवसांनी अठराजणींना सर्टिफिकेट मिळालं. खरं वाचायला आलं ते तिघींना, आणि त्यात धुरपता पहिली. ती एसटीची पाटी वाचू लागली, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचू लागली, नवऱ्याचं, बाबूलालचं तेंदूपत्त्याच्या मजुरीचं कार्ड वाचून त्यातली चूक काढू लागली. बाबूलाल आधी चिडवायचा, “का व, कलेक्टर होऊन राहिली का?” पुढे तोच चारचौघांत सांगत सुटला की आमच्या घरी कागद बाहेर न्यावा लागत नाही. धुरपताच्या आयुष्यात तिला कोणी मान दिला असेल तर तो या अक्षरांनी. ती त्यांना जपायची.

तिची शेजारीण रुख्मा मात्र मधेच गळाली. दोघींची लग्नं एकाच मांडवात झालेली, तेव्हापासूनची मैत्री. तिसऱ्या आठवड्यात मोहफूल पडायला लागलं आणि रुख्मा पहाटे टोपली घेऊन रानात जाऊ लागली. “तू शिक ना व. तू शिकली म्हंजे मी शिकल्यावानीच,” ती म्हणाली. आणि झालंही तसंच. रुख्माच्या घरात येणारा प्रत्येक कागद धुरपताच वाचायची.

तसाच एक कागद २००८ मध्ये आला. रुख्माची संध्या आश्रमशाळेत दहावीला होती. तिथे सगळ्या पोरींचं रक्त तपासलं होतं आणि संध्याला एक कार्ड दिलं होतं. रुख्मा ते पदराखाली लपवून घेऊन आली. धुरपतानं बोट ठेवून वाचलं. सि-क-ल-से-ल. त्यापुढचा शब्द तिला नर्सबाईनं भिंतीवर लावलेल्या चित्रामुळे माहीत होता. रुग्ण.

रुख्मा मटकन खाली बसली. त्या भागात आईबापांच्या रक्तातून येणाऱ्या या दुखण्याचं नाव कोणाला सांगावं लागत नव्हतं. हातपाय ठणकणारी, थंडीत आजारी पडणारी, डोळे पिवळे होणारी पोरं घराघरांत होती. पण नाव कागदावर आलं की पोरीला कोणी सून करून घेत नसे. “कोनाले सांगू नोको, धुरपते. बाबूलाललेबी नाही,” रुख्मानं तिचा हात धरला. धुरपतानं शब्द दिला. ते कार्ड रुख्मानं धानाच्या कोठीत तळाशी नेऊन घातलं.

पुढच्या वर्षी शालीकराम पुन्हा आला. आता त्याच मशीनमध्ये दुखण्याचा प्रोग्राम घातला होता. मशीन प्रश्न विचारणार, आपण ‘हो’ नाहीतर ‘नाही’चं बटण दाबायचं, शेवटी पडद्यावर पट्टा येणार. हिरवा म्हणजे काही नाही, घरी जा. पिवळा म्हणजे गोळ्या घ्या, दोन दिवसांनी परत या. लाल म्हणजे गाडी बोलवा आणि दवाखाना गाठा. सोबत छापील कागदही निघे. बटण दाबायला वाचणारं माणूस हवं होतं. शालीकरामनं समाजमंदिराची किल्ली धुरपताच्या हातात दिली. त्या दिवशी ती रस्त्यानं चालली ती सुद्धा वेगळीच चालली.

मशीन चांगलं होतं, खोटं कशाला बोला. बाळंत होऊन महिना न झालेल्या एका पोरीला त्यानं लाल दाखवला आणि ती वेळेवर अर्जुनीच्या दवाखान्यात पोचून जगली. तेव्हापासून टोल्याचा मशीनवर असा विश्वास बसला की नर्सबाईला राग यावा.

फक्त एक झालं, आणि ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही. दवाखान्यात डॉक्टरपुढे एकेकट्यानं जायचं असतं हे टोल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण समाजमंदिर हा दवाखाना नव्हता, ती त्यांची शाळा होती. तेच मशीन, तीच सतरंजी. कोणी दुखणाईत आलं की बायका सवयीनं येऊन गोल करून बसायच्या. मशीन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं आणि सगळ्या मिळून सांगायच्या, “हो, हो, रात्री खोकते ना ती!” लोकांना मौज वाटायची, माया वाटायची. धुरपतालाही कधी वाटलं नाही की दार लोटून घ्यावं. मशीनचा आवाज कमी कुठून करतात हे तिला चांगलं ठाऊक होतं.

२०१० चा जानेवारी. संध्या अठराची झाली होती. टोल्यातल्याच शामकला नावाच्या बाईनं आपल्या बहिणीच्या पोरासाठी तिला मागणी घातली होती. पोरगा वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला, घरी दोन बैलजोड्या. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होळीनंतर ठरलं होतं. रुख्मा तेव्हापासून जमिनीवर पाय ठेवून चालत नव्हती. अशात संध्या एका सकाळी तलावाच्या गार पाण्यात कपडे धुऊन आली आणि दुपारपासून तिच्या मांड्या आणि पाठ ठणकायला लागली. दुसऱ्या दिवशी ताप आणि बारीक खोकला.

रुख्मा तिला धरून समाजमंदिरात घेऊन आली. धुरपतानं मशीन सुरू केलं. बायका जमल्या आणि त्यांच्यात पहिल्या रांगेत होती शामकला. बहिणीची होणारी सून आजारी, तर ती येणारच.

मशीन विचारत गेलं. ताप आहे का? हो. खोकला आहे का? हो. हाडं दुखतात का? हो, हो, बायका ओरडल्या. श्वास लागतो का? नाही. आणि मग त्याच मोकळ्या, मोठ्या आवाजात मशीननं विचारलं, “रुग्णाला सिकलसेल आहे का?”

सतरंजीवरच्या बायका रुख्माकडे वळल्या. शामकलेनं मान वर केली. रुख्मानं धुरपताकडे पाहिलं. ते पाहणं धुरपताला पुढे मरेपर्यंत पुरणार होतं. “नाही,” रुख्मा म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं. “असलं काही नाही आमच्यात.”

धुरपताचं बोट दोन बटणांच्या मधे थांबलं. कार्ड तिनं स्वतः वाचलं होतं. पण दिलेला शब्द होता, पोरीचं लग्न होतं, समोर शामकला होती. तिनं ‘नाही’ दाबलं. पट्टा पिवळा आला.

रुख्माचा जीव भांड्यात पडला. शामकलेनं संध्याच्या कपाळाला हात लावून पाहिलं आणि बायका उठल्या.

दुपारी धुरपता रुख्माच्या घरी गेली. “रुख्मे, गाडी पाहू आपन. पोट्टीले अर्जुनीले नेऊ. मले बरोबर वाटून नाही राहिलं.”

“काऊन? मशीननं पिवळा देल्ला ना? गोळ्या देऊन राहिलो आमी.”

“तू ‘नाही’ सांगतलं म्हनून देल्ला पिवळा.”

रुख्मानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू धुरपतानं तिला शिवीच दिली होती. “मशीनले समजत नाही का व? लाल असता तर त्यानं लालच देल्ला असता.”

आता याला काय म्हणावं? जिनं स्वतःच्या तोंडानं मशीनला खोटं सांगितलं, तिनंच मशीनचं उत्तर खरं मानलं. आणि तिला दोष तरी कसा द्यावा? धुरपतालाही तेच खरं मानावंसं वाटत होतं. पाच वर्षं ते मशीन तिच्याशी कधी चुकीचं बोललं नव्हतं. ती परत आली. त्या परत येण्याबद्दल तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि करूही नये असं तिला वाटे.

तिसऱ्या दिवशी सकाळी संध्याला श्वास घेता येईना. धुरपता टेकाडावर धावली, कारण फोनला रेंज तिथेच मिळायची. जीप यायला दोन तास लागले. अर्जुनी चार किलोमीटरवर राहिली असताना संध्यानं आईच्या मांडीवर मान टाकली. रुख्मा पुढचा सगळा रस्ता ड्रायव्हरला जोरात चालव म्हणून सांगत राहिली.

आठवड्यानं संस्थेची मॅडम नागपूरहून आली. तिनं मशीन उघडलं, संध्याचं पान काढलं आणि आश्रमशाळेच्या यादीशी ताडून पाहिलं. मग शालीकरामला म्हणाली, “सिस्टीम बरोबर आहे. कुटुंबानं माहिती दडवली.” तसंच तिनं लिहून घेतलं.

“म्याच दाबलं ते,” धुरपता म्हणाली. “मले माहीत होतं.”

मॅडमनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही भरलं. तुमची काही चूक नाही, ताई.” धुरपताला वाटलं, हिनं आपल्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. शालीकराम भिंतीकडे पाहत उभा होता.

टोल्यानं सगळा राग मशीनवर काढला. समाजमंदिराला कुलूप लागलं ते लागलंच. रुख्मा मात्र धुरपताशी पहिल्यासारखीच बोलायची, पाण्याला सोबत जायची. तिच्या तोंडून एकदाही वाकडा शब्द निघाला नाही, आणि धुरपता तिच्याबरोबर चालताना आतून कुरतडत राहायची.

होळी झाली. त्यानंतर चार दिवसांनी, साक्षगंधाला जो दिवस धरला होता त्याच दिवशी, रुख्मा धुरपताच्या ओसरीवर येऊन बसली. तिच्या हातात मशीनचा छापील कागद होता, घड्या पडून मऊ झालेला.

“वाच,” ती म्हणाली. “माह्या पोट्टीबद्दल मशीननं काय लिवलं ते मले आयकू दे.”

धुरपतानं वाचायला सुरुवात केली. नाव, संध्या. वय, अठरा. ताप, हो. खोकला, हो. हाडं दुखणं, हो. श्वास लागणं, नाही. पुढच्या ओळीवर तिचं बोट अडलं. ती ओळ गाळून पुढे जाता आलं असतं, रुख्माला कळलंही नसतं. पण तिनं ती वाचली. सिकलसेल, नाही.

रुख्मानं वाकून कागदाकडे पाहिलं. तिला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं.

“मी त अडानी बाई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होती. “पोट्टीच्या लग्नापायी मी काईबी बोलली असती. पन तू कायले आयकलं माह्यं? तुले त वाचाले येत होतं.”

रुख्मानं कागद तिच्या हातातून काढून घेतला, होता तशा घड्या घातल्या आणि ती घरी गेली.