मिस ओझेलियाची एकतीस नावं

न्यू ऑर्लिन्समधल्या आमच्या मार्सोलिन स्ट्रीटवर खऱ्या नावाने कुणाला हाक मारायची पद्धतच नव्हती. मी बेडक्या. जन्मभर शहराची बस चालवली, तरी बेडक्याच. समोरचा शेंगदाणा, त्याच्या पलीकडे टकल्या, कोपऱ्यावर माशीआजी. शाळेच्या स्वयंपाकघरात बत्तीस वर्षं पोरांना जेवू घालणाऱ्या ओझेलियाला मात्र सगळे नावाने बोलवायचे, तेही पुढे मिस लावून. तेवढी जरब होती बाईची.

मग वादळ आलं, बांध फुटला आणि पाणी छपरांना लागलं. गल्ली पांगली. कुणी अटलांटात, कुणी मेम्फिसात. मी ह्यूस्टनला मुलीकडे जाऊन पडलो. न्यू ऑर्लिन्सात परत जायचं नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

इकडे शहर पुन्हा बांधायला एक समिती बसली. तिने नकाशा काढला. जे भाग सखल, तिथे हिरवा रंग. म्हणजे तिथे घरं नकोत, बागा करू. आता हिरवा रंग नेमका आम्हा काळ्यांच्या गल्ल्यांवर कसा काय सांडला बुवा? मोठ्या रस्त्यापलीकडे गोऱ्यांची वस्ती, तिथेही पाणी शिरलं होतं, पण हिरव्याचा ठिपका नाही. समितीचा माणूस म्हणाला, "आम्ही जमिनीचा उतार बघितला, माणसांचा रंग नाही." त्या उतारावर आमच्या आज्यांना कुणी ढकललं होतं, हे काही नकाशात नव्हतं. अट अशी, की गल्लीतल्या साठ घरांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे एकतीस घरं परत येणार हे दाखवा. नाहीतर बांधायची परवानगी विसरा.

मिस ओझेलिया सगळ्यांच्या आधी परतली होती. चिखलाने भरलेल्या घरासमोर सरकारने दिलेला ट्रेलर, म्हणजे चाकांवरची खोली, त्यात ती, तिचा दमा आणि एक फोन. तिने यादी केली. समितीच्या ज्या सभेत ती वाचली गेली, त्या सभेला मीही होतो. घरातलं उरलंसुरलं बघायला ह्यूस्टनहून आलो होतो. खरं तर निरोप घ्यायला.

कारकून यादी वाचायला लागला. "शेंगदाणा. टकल्या. माशीआजी. बेडक्या." पलीकडच्या वस्तीची मंडळी वकील घेऊन आली होती, ती खो खो हसली. आमचा कौन्सिलर लेमेल, आमच्यातलाच, दर निवडणुकीच्या आधीच्या सोमवारी हिच्याकडे राजमा-भात चापून जाणारा, बुटांकडे बघत म्हणाला, "मिस ओझेलिया, कायदेशीर नावं लागतील हो. माझे हात बांधलेले आहेत."

"चमचा धरताना बरे मोकळे असतात," ती म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर मात्र तिने बसकणच मारली. "हसले त्याचं काही नाही रे. पण चूक माझीच. चाळीस वर्षं माझ्या हातचं खातोयस आणि तुझं नाव मला माहीत नाही. लाज वाटते बाई."

पळताना तिने घराचे कागद नेले नव्हते, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा नेला होता. तिच्या पोरीने तिला त्यावरून झापलंही होतं. डब्यात अंत्यविधीच्या पत्रिका होत्या, आमच्या चर्चमध्ये वाटतात त्या. पहिल्या पानावर गेलेल्याचा फोटो, आत त्याच्या पश्चात कोण कोण आहे त्यांची नावं, खरी, पूर्ण. मेलेल्यांच्या कागदांतून तिने जिवंत माणसं हुडकली. शेंगदाणा त्याच्या आईच्या पत्रिकेत सापडला, माशीआजी नवऱ्याच्या. मग तीन महिने फोन. "येणार आहेस ना? अमुक तारखेला ये आणि उभा राहा, बाकी काही नको."

मलाही फोन आला. मी म्हटलं, "बघतो." ती काय ते समजली होती.

तरी त्या दिवशी मी सभेला गेलो. का, विचारू नका. ती एकेक नाव वाचत होती, धाप लागत होती. माणूस उठत होता, कारकून खूण करत होता. तिचं स्वतःचं धरून तीस झाले. मग ती म्हणाली, "कॉर्नेलियस अल्सीड डुप्लांटिए."

कुणीच उठलं नाही. मीही इकडेतिकडे बघितलं. देवाशप्पथ सांगतो, आई गेल्यापासून ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. नंतर लक्षात आलं आणि मग मुद्दामच बसून राहिलो. गुडघे गेलेले, वय सत्तरीला टेकलेलं. कुठे पुन्हा भिंती उभारायच्या? दमलो होतो हो मी.

तिने चष्म्यावरून बघितलं. आवाज न चढवता म्हणाली, "बेडक्या, ऊठ रे बाळा. मीपण दमलेय."

मी उठलो.

गल्लीवरचा हिरवा रंग पुसला गेला. परवानगी यायला मात्र वर्ष गेलं. आज हा शिक्का नाही, उद्या तो साहेब नाही. एकतीसमधले अकरा परतले. बाकीच्यांना मी दोष देत नाही. मिस ओझेलिया वाट बघत ट्रेलरमध्येच गेली. दम्यानेच. तिचा परवाना नवव्या दिवशी आला, तो मीच सही करून घेतला.

तिच्या अंत्यविधीच्या पत्रिका छापायचं काम माझ्याकडे आलं. छापखानेवाल्याने कागद उलटापालटा केला. "पश्चात एकतीस जण? एवढे नातेवाईक?"

"एक मुलगी, बाकी शेजारी," मी म्हटलं. "आणि टोपणनावंही घाल. प्रत्येकाच्या खऱ्या नावाशेजारी."

"जागा नाही पुरणार, काका. थोडी कमी करा."

"एकही नाही," मी म्हटलं.

मग त्याने अक्षर बारीक केलं.